साहेबांचा एक फोन

सकाळपासून आण्णांच्या मांडीवरची कापडी पिशवी खाली उतरली नव्हती. पिशवीत मामाचा फेटा होता. नात अयोध्येच्या लग्नासाठी निवृत्ती आण्णांनी तो स्वतः पसंत केला होता, आणि त्यासाठी माजलगावच्या दुकानदाराचा अर्धा दिवस खाल्ला होता. हा भडक, तो फिका, त्याचा काठ बरा नाही, असं करत करत शेवटी पिकल्या आंब्याच्या रंगाचा एक त्यांच्या मनास आला. नवरीला बोहल्यावर मामा आणतो, अंतरपाटाशी तिच्या पाठीमागं मामाच उभा राहतो. अयोध्येचा मामा म्हणजे आण्णांचा एकुलता एक मुलगा जालिंदर. तो आखातात होता, साखरेच्या कंपनीत. पण येणार होता. कारखान्याच्या चेअरमन साहेबांनी फोन केला होता ना.

दिंद्रुडहून निघालेला टेम्पो कारखान्याच्या आवारात शिरला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. ऊस नाही म्हणून गाळप नाही, गाळप नाही म्हणून ऊसगाड्यांचा तळ मोकळा, आणि तळ मोकळा म्हणून चेअरमन साहेबांनी तिथं सामुदायिक विवाह ठेवला होता. घरी मांडव घालावा एवढं पाणी कुणाच्याच गावात उरलं नव्हतं. तळाच्या एका अंगाला जनावरांची छावणी, दुसऱ्या अंगाला लग्नाचा मांडव, आणि मधे टँकर. गुरं आणि वऱ्हाडी एकाच टँकरचं पाणी पीत होती आणि तक्रार दोघांचीही नव्हती.

आण्णा टेम्पोतून उतरले ते पाहुणे म्हणून नव्हे, यजमान असल्यासारखे. या कारखान्याचे ते दोन वेळा संचालक होते. धूर नसलेल्या चिमणीकडं बघून त्यांनी सवयीनं हात जोडले आणि ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की जालिंदर आज येतोय. मुंबईपर्यंत आला असंल, तिथून गाडी करंल. ऐकणारे मान डोलवत. माजी संचालकाला खोटं पाडायची आपल्याकडं रीत नाही.

आण्णांचा सगळा जन्म फोनवर गेला होता, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर. जालिंदरला साखर तंत्रज्ञानाच्या कोर्सला प्रवेश मिळाला तो साहेबांच्या फोननं. कारखान्यात पॅनवर, जिथं रसाचा दाणा धरतात तिथं, त्याला नोकरी लागली तीही फोननंच. गावची विजेची डीपी जळाली, जावयाची बदली अडली, कुणाच्या सुनेचं नाव यादीत आलं नाही, की आण्णा धोतर सावरत निघत. साहेबांच्या कानावर घालून येतो, म्हणत. आणि काम होई. मग त्यांनी असा विचार का करावा, की या जगात असंही एखादं कुलूप आहे ज्याला ही किल्ली लागत नाही?

साखरेचं रिकामं गोदाम नवऱ्या मुलींना सजायला दिलं होतं. पोती नव्हती, पण भिंतींना अजून गोडसर वास होता आणि मुंग्या अजून आशेवर होत्या. अयोध्येची आई मनकर्णा पोरीच्या केसांत गजरा खोवत होती. हात गजऱ्यावर आणि नजर भावजयीवर. जालिंदरची बायको सत्यभामा कोपऱ्यात बसून ओटीचे तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती.

मनकर्णाला ते बघवेना. धाकट्या भावाला तिनं कडेवर वागवलं होतं. शिरूर कासारला तिला दिली तेव्हा हा टेम्पोमागं वेशीपर्यंत पळत आला होता, आणि अयोध्या झाली तेव्हा बारशाला आपल्या खाऊच्या पैशांतून घुंगराचा वाळा घेऊन आला होता. आज त्याच अयोध्येचं लग्न, आणि मुहूर्त दुपारचा, आणि हा अजून वाटेत.

"कुठवर आलाय तो?" तिनं विचारलं.

सत्यभामा ताटातले तांदूळ चाळत राहिली.

"तुला फोन येतो रोज. मला येत न्हाई. म्हणून विचारलं."

"आक्का, नका विचारू आत्ता."

मनकर्णाच्या मनात जे महिनाभर साचलं होतं ते मग बाहेर पडलं. तूच म्हणली असशील, भाचीच्या लग्नापायी रजेचा पगार कशाला बुडवायचा. पैका बघितला की माणसं बदलतात. मामा येणार नव्हता तर तसं सांगायचं, आम्ही शहादेवला उभा केला असता. शहादेव म्हणजे आण्णांचा पुतण्या. चुलत का होईना, मामाच. पण सोसायटीच्या निवडणुकीत तो आण्णांच्या पॅनलविरुद्ध उभा राहिला आणि निवडून आला, तेव्हापासून काका-पुतण्याचं बोलणं बंद होतं. मनकर्णानं त्याचं नाव काढलं तेव्हा आण्णा म्हणाले होते, माझा पोरगा जित्ता असताना उसना मामा कशाला.

अयोध्या मान खाली घालून ऐकत होती. मुंडावळ्या सरळ कराव्यात की नाही, हे तिला कळत नव्हतं.

विमलबाई, आण्णांची बायको, तिथंच बसली होती. तिनं सुनेच्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं. "सत्यभामा, तू पंधरवड्यापासून जेवत न्हाईस. मी आंधळी न्हाई. काय झालंय माझ्या लेकराला?"

सासूचा हात पाठीवर पडला आणि सत्यभामेचा बांध फुटला. ती रडली ती तोंडात पदर धरून, कारण आजूबाजूला दुसऱ्या नवऱ्या होत्या आणि त्यांचाही दिवस होता.

मग तिनं सांगितलं ते असं. तिकडं माणसाचा व्हिसा मालकाच्या नावावर असतो. ज्यानं बोलावलं त्याच्याकडंच राबायचं. दुसरीकडं जायचं तर आधी त्यानं सोडायला हवं, आणि आईबापाला भेटायला यायचं तरी त्याच्या सहीशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नाही. पासपोर्ट पहिल्याच दिवशी कंपनीच्या तिजोरीत गेलेला. जालिंदर तिथं अख्खा पॅन विभाग सांभाळी, पण कागदावर त्याला मदतनीस म्हणून नेलं होतं. कारागिराचा व्हिसा महाग पडतो म्हणे. तरी त्यानं चार वर्षं काढली. आता दुसऱ्या एका रिफायनरीनं त्याला त्याच्या हुद्द्यानं बोलावलं होतं. जुन्या मॅनेजरची त्यानं गोडीगुलाबीनं मनधरणी केली, मॅनेजर सही द्यायला कबूल झाला. सही घ्यायची, घरी यायचं, अयोध्येच्या मागं उभं राहायचं आणि नव्या कंपनीत रुजू व्हायचं, असं सगळं जुळत आलं होतं. फक्त तोवर कुणी कुठं बोलायचं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच आण्णांनी त्याला विचारलं, रजा पक्की का? तो म्हणाला, बघू, साहेब लोकांच्या मनावर हाय. मुलगा तिकडच्या साहेबाच्या मनावर अडलाय म्हटल्यावर आण्णांनी दुसऱ्या दिवशी आपल्या साहेबांना गाठलं. ज्यानं जालिंदरला तिकडं पाठवलं त्या मुंबईच्या एजंटाला साहेबांनी फोन लावला. एजंट घाबरला. त्यानं तिकडं कळवलं, की मोठा पुढारी मागं लागलाय, माणूस पळायच्या बेतात आहे, एम्बसीत तक्रार जाणार आहे. मॅनेजरनं सही तर दिली नाहीच, वर पोलिसांत नोंद करून टाकली, हा कामगार कामावरून पळाला म्हणून. त्या दिवशी जालिंदर पॅनवर ड्यूटीला उभा होता.

"मंजी आता?" मनकर्णानं विचारलं. तिच्या आवाजातली धार गेली होती.

"सापडले तर आत टाकतील. ज्यानं ठेवून घेतलं त्यालाबी. केरळच्या एका जोडीदारानं खोलीत लपवलंय त्यांला." सत्यभामेनं डोळे पुसले. "मॅनेजर आता जरा नरमलाय. रमजान उरकला की नोंद मागं घेतो म्हणलाय, घरी जाऊ देतो म्हणलाय. पण तवर कुणाचा फोन यायला नको. एक जरी आला तरी हात वर करीन म्हणला."

मनकर्णा उठली आणि भावजयीच्या शेजारी बसली. माफी वगैरे मागायची तिला सवय नव्हती. तिनं ताट ओढलं आणि निवडलेलेच तांदूळ तीही निवडू लागली.

विमलबाईनं ठरवलं, की लग्न लागेपर्यंत आण्णांना यातलं काही कळू द्यायचं नाही. माणूस मोडून पडंल, मांडवात नको, घरी गेल्यावर मी सांगंन, असं ती म्हणाली, आणि लेकीनं व सुनेनं माना हलवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते पाच मिनिटंसुद्धा टिकलं नाही. गोदामाच्या दारात शहादेव येऊन उभा राहिला. आत बायका, म्हणून त्यानं तोंड बाहेर करून विचारलं, की मुहूर्त जवळ आलाय, जालिंदरचं काय? आणि काका तर साहेबांची वाट बघत गव्हाणीपाशी उभे आहेत. ह्या खेपेला थेट एम्बसीतच फोन लावायला सांगतो म्हणतात.

सत्यभामा डोक्यावरचा पदरही न सावरता निघाली.

कारखान्याची गव्हाण म्हणजे जिथून ऊस आत जातो ती लांबलचक खोल पन्हळ. हंगामात तिच्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत नाही. आज तिच्यात वाळलेलं पाचट पडलं होतं आणि एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. आण्णा काठावर उभे होते, पिशवी काखेत. लांब फाटकातून साहेबांच्या गाड्या आत येत होत्या.

"आण्णा, थांबा जरा."

सुनेनं आपल्याला असं वाटेत कधी अडवलं नव्हतं, म्हणून ते थांबले. "आत्ता न्हाई पोरी. साहेब आलेत. दोन मिनिटांचं काम हाय."

"त्याच कामाचं बोलायचंय. फोन करा म्हणू नका त्यांला."

"कावून?"

"पहिल्या फोननंच हे अडकलेत."

आण्णा हसले. लहान लेकरू काही वेडंवाकडं बोललं की हसावं तसे. "फोननं माणसं सुटतात, सत्यभामा. अडकत न्हाईत."

तिनं सगळं सांगितलं. आत सांगताना रडली होती, इथं रडली नाही. मान खाली घालून, सलग, एकदाही न थांबता सांगितलं. आण्णांचं हसू हळूहळू गेलं, पण ओठ तसेच उघडे राहिले.

"साहेब तसं न्हाई बोलले," ते म्हणाले. "मी समोर बसलेलो. साहेब एवढंच म्हणले, आपला माणूस हाय, जरा बघा."

"एवढंच म्हणले असतील."

'आपला माणूस हाय, जरा बघा.' हे शब्द त्यांनी किती वर्षं ऐकले होते. ते ऐकून तहसीलातला कारकून खुर्चीतून उठायचा, इंजिनियर स्वतः खांबावर माणूस चढवायचा. त्या शब्दांत विनंती किती आणि धमकी किती, हे आण्णांना चांगलं ठाऊक होतं. धमकी होती म्हणून तर कामं होत होती. तीच धमकी तिकडं एका परक्या माणसाला पोचली, आणि त्याच्या हातात आपला पोरगा होता.

"खातो काय तो?" त्यांनी विचारलं.

"जोडीदार आणून देतात. दिवसा भाईर पडत न्हाईत."

"तुला सांगितलं. मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमाला लागंल म्हणून. आण्णांच्या कानावर जाऊ देऊ नको म्हणले."

आण्णांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण एवढ्या वर्षांत बोलायचं झालं की साहेबांशीच बोलायची सवय. सुनेपुढं काय बोलतात ते त्यांना माहीत नव्हतं. ते तसेच मांडवाकडं चालू लागले, आणि सत्यभामा चार पावलं मागं. आपण बरं केलं की वाईट, हे तिला कळत नव्हतं. म्हातारा आता साहेबांच्या पायाशी बसून रडला, तर सगळंच संपणार होतं.

व्यासपीठावर साहेबांचं भाषण झालं. दुष्काळ, छावण्या, कारखान्याचं पुढल्या हंगामाचं बघू. मग जुन्या संचालकांचा सत्कार. आण्णांचं नाव पुकारलं तेव्हा ते पायऱ्या चढले. नारळ आणि टॉवेल हातात देताना साहेबांनी माईक तोंडापाशीच ठेवून विचारलं, "काय आण्णा, आला का आपला जालिंदर? का अजून अडवून धरलंय त्यांनी?" आणि खिशातून मोबाईल काढला. "सांगा, आत्ता लावतो. हितूनच लावतो, ह्या सगळ्या लोकांसमोर."

मांडवात टाळ्या पडल्या. खाली बायकांत मनकर्णानं सत्यभामेचा दंड घट्ट धरला. विमलबाईनं डोळेच मिटून घेतले.

आण्णांनी नारळ काखेत दाबला आणि दोन्ही हात जोडले.

"नको, साहेब."

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. आण्णांनी कधी कशाला नको म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. आण्णांनाही आठवत नव्हतं.

"रजा न्हाई भेटली त्याला," आण्णा म्हणाले. माईकमुळं ते छावणीपर्यंत गेलं. "त्याच्याबिगर तिकडं पॅनच चालत न्हाई म्हणं. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे. काम मोठं."

लोक कौतुकानं हसले. साहेबही हसले, मोबाईल खिशात गेला, आणि पुढच्या संचालकाचं नाव पुकारलं गेलं.

आण्णा पायऱ्या उतरून सरळ शहादेवपुढं जाऊन उभे राहिले. दोन वर्षांनी काका समोर आला म्हणून शहादेव उठला. आण्णांनी पिशवीतून फेटा काढला, झटकला आणि त्याच्या डोक्याला गुंडाळू लागले. पहिला वेढा सुटला, दुसरा कानावर आला.

"काका, मला बांधता येतो," शहादेव हळूच म्हणाला.

"गप उभा ऱ्हा."

नवऱ्या मुलींच्या मामांनी मुलींना घेऊन यावं, असं गुरुजींनी माईकवर सांगितलं. गोदामाच्या दारातून एकेक मामा एकेक भाचीला घेऊन निघाला. शहादेव अयोध्येला घेऊन आला. फेटा एका बाजूला कलला होता, पण रंग खरंच शोभत होता. अयोध्येनं अंतरपाटाशी उभं राहिल्यावर एकदा मागं वळून पाहिलं. मागं शहादेव होता. तिनं पुन्हा पुढं पाहिलं. अक्षता पडल्या. आण्णांच्या मुठीतल्या अक्षता मात्र मुठीतच राहिल्या, त्या त्यांना घामेजलेल्या हातात नंतर सापडल्या.

लेकीला वाटेला लावून मनकर्णा आईच्या गळ्यात पडून रडली. पोरीसाठी रडली, भावासाठी रडली, आणि कुणासाठी किती याचा हिशोब कुणी मागितला नाही. सगळे दमले होते. दिवस कलायला लागला तेव्हा टेम्पो टाकीच्या सावलीत उभा होता. आण्णा पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, रिकामी पिशवी घडी करून मांडीवर. मागं हौद्यात, केबिनच्या मागच्या खिडकीला पाठ लावून, सत्यभामा. त्या खिडकीची काच केव्हाच निखळलेली होती.

जालिंदरचा फोन रोज याच वेळेला येई, त्या जोडीदाराच्या मोबाईलवरून. आजही आला.

"लागलं का लग्न?"

"लागलं. पोरगी लई छान दिसत होती."

"मामा कोण उभा ऱ्हायला?"

"शहादेव भाऊजी. आण्णांनी स्वतः फेटा बांधला त्यांला."

पलीकडं तो हसल्यासारखा वाटला. कितीतरी दिवसांनी. मग त्यानं आवाज खाली आणला. सत्यभामेचा फोन जुना होता, त्यातलं आजूबाजूला सगळं ऐकू जाई.

"आण्णांला कळलं का काही?"

सत्यभामेनं मान वळवून खिडकीतून पुढं पाहिलं. आण्णा समोरच्या चिमणीकडं बघत होते, पण पिशवीवरची त्यांची बोटं थांबली होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"कळू देऊ नको. माझ्यासाठीच केलं त्यांनी. म्हातारपणी मनाला लावून घेतील." मग तो म्हणाला, "फक्त पुन्हा साहेबांकडं जाऊ नका, एवढं कसंबी करून बघ. सरळ नको सांगू. कायतरी कारण काढ."

आण्णांनी मागं न बघताच खिडकीतून हात केला. सत्यभामेनं फोन त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कानाला लावला आणि नेहमीसारखं मोठ्यानं, परदेश लांब आहे म्हणून ओरडून बोलायला हवं अशा आवाजात बोलू लागले. "हां, जालिंदर. रजा न्हाई भेटली म्हणं. असू दे, असू दे. कामाला जप. इकडं सगळं यवस्थित झालं. जेवणं झाली, पाणीबी पुरलं."

तिकडून तो काहीतरी बोलला. आण्णांनी ऐकून घेतलं.

"आन साहेबांला मी काही बोललो न्हाई बरं का आज," ते म्हणाले, आणि आता आवाज तेवढा मोठा राहिला नव्हता. "गर्दीच लई होती. आता म्हातारपणी कुठं त्यांच्या मागं फिरू. इथून पुढं न्हाई जात मी."

सत्यभामा ऐकायला पुढं वाकली. मग जालिंदरचा आवाज आला, अगदी हळू, लहानपणी बापापाशी झोपून बोलायचा तसा.

"बरं केलंत, आण्णा."